पोरीला गावच्याच जंगलात काम करायचंय, पोट भरेल का?

भाऊ, पत्र मिळालं. अर्जुनी मोरगावकडचं गाव, पोरगी 12वी सायन्सला, ग्रामसभेला सामूहिक वनहक्क (गावानं मिळून जंगल वापरायचा अन् सांभाळायचा कायद्याचा हक्क) मिळालेला, आणि ती म्हणते आपलंच जंगल सांभाळीन, प्राणीबी राहतील अन् पाहायला लोकंबी येतील. तुमचा प्रश्न, यात पोट भरते का.

नुसत्या गाइडच्या कामावर घर नका चालवू. ते सीझनचं काम आहे, ताडोबाचा कोअर, म्हणजे आतला मुख्य भाग, सुद्धा पावसाळ्यात तीन महिने बंद राहतो. म्हणून डिग्री पाहिजेच. अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात बीएस्सी फॉरेस्ट्री आहे, चार वर्षं, अॅडमिशन सीईटीवर. वनरक्षकाची भरती 12वीवर निघते तीही देऊ द्या, त्यात मुलींना चार तासांत 16 किमी चालून दाखवावं लागते, आतापासून सवय लावा.

पण पोरीला एक सांगा, या कामात जनावरापेक्षा माणसाशी जास्त बोलावं लागते. आता पहा, मोहफुलाच्या दिवसांत बाया पहाटेच अंधारात वेचायला जातात, तिकडेच वाघाचा धोका, आणि पाहुण्यांनाही नेमकं पहाटेच जंगल पाहिजे, मग कोणी कोणत्या वाटेनं जायचं हे ग्रामसभेत बसूनच ठरवावं लागते. पायवाट पाणवठ्यापासून लांब ठेवायची. वाळलेलं झाड सरपण दिसते, पण त्याच्या ढोलीत पिंगळा नाहीतर पोपट असतो, म्हणून काही झाडं उभी ठेवायची, आणि हे सरपण आणणाऱ्या काकूला पटवायचं, ते सगळ्यात कठीण. जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे, 15 फेब्रुवारीच्या आत साफ पाहिजेत. अन् सारस तर महाराष्ट्रात आता मुख्य करून आपल्या गोंदियातच उरलेत, पावसाळ्यात धानाच्या बांधीत घरटं करतात, फोटोवाले पार जवळ गेले की पक्षी घरटं सोडते आणि शेतकऱ्याचं धान तुडवलं जाते ते वेगळंच. अशा वेळी पाहुण्याला नाही म्हणायची हिंमत लागते, मला वाटते तुमच्या पोरीत ती आहे, नाहीतर तिनं हा हट्ट धरलाच नसता.

परीक्षा झाली की तिला गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा लेखा गावाला घेऊन जा, जमलं तर ग्रामसभेच्या दिवशी. 2009 मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, तिथं निर्णय सर्वसहमतीनं होतात, ते पाहू द्या. तुम्हीही सोबत बसा, भाऊ. आणि सीईटीचा फॉर्म तारीख पाहून आत्ताच भरून टाका.