कॉलेजचा डिप्लोमा करून कमर्शियल पायलट होता येतं का?

हो, येतं. पण डिप्लोमा कॉलेज देतं आणि लायसन्स त्या देशाचं विमान वाहतूक प्राधिकरण. नुसत्या डिप्लोमावर कुणी कॉकपिटमध्ये बसवत नाही. म्हणून प्रवेशाआधी एकच गोष्ट खोदून विचारा: फीमध्ये उड्डाणाचे किती तास धरलेत, आणि जास्त तास लागले तर पैसे कोण भरणार? उत्तर लेखी घ्या.

त्याआधी क्लास १ मेडिकल, म्हणजे कमर्शियल पायलटसाठीची वैद्यकीय तपासणी. फी भरल्यावर डोळ्यांत किंवा हृदयात दोष निघाला तर सगळंच अडतं, त्यामुळे हे अजिबात पुढे ढकलू नका.

लायसन्ससाठी आंतरराष्ट्रीय किमान नियम २०० तास उड्डाणाचा आहे, मान्यताप्राप्त सलग कोर्समध्ये १५० चालतात. काही देश जास्त मागतात. वय १८ पूर्ण हवं. या तासांत ५४० किलोमीटरचा एक प्रवास विमानाचा कॅप्टन म्हणून करावा लागतो, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. वारा, इंधन, पर्यायी विमानतळ, रेडिओवरचं बोलणं, सगळं तुमच्याच डोक्यावर. माझ्या मते खरं शिक्षण इथेच होतं.

हवामानशास्त्र आणि नेव्हिगेशन नियमित वर्गात शिकायला मिळतं, हा कॉलेजचा मोठा फायदा. एअरलाइनचं ध्येय असेल तर इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं दिसत नसताना फक्त उपकरणांवर उडवण्याची परवानगी) आणि मल्टी-इंजिन रेटिंग (एकाहून जास्त इंजिनांचं विमान उडवण्याची परवानगी) कोर्समध्येच आहे का ते पाहा. हे नंतर वेगळं करणं महागात पडतं.