आपला चित्रपट, त्यांचा चित्रपट : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे भारतीय आणि अमेरिकी चित्रपटांच्या तुलनेविषयी आहेत. त्यांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रे लांब असल्यामुळे त्यांचा गाभा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : इंग्रजी चित्रपट पाहून आल्यावर पाठोपाठ एखादा हिंदी किंवा मराठी चित्रपट पाहिला, की तो कच्चा वाटतो. आपल्या लोकांकडे कल्पकताच कमी आहे, असे म्हणावे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपल्याला जाणवणारा कच्चेपणा खोटा नाही, परंतु त्याचे खापर कल्पकतेच्या माथी फोडण्याआधी आपण कशाची कशाशी तुलना करतो आहोत, हे पाहायला हवे. अमेरिकेत दरवर्षी शेकडो चित्रपट तयार होतात आणि त्यांतले सांगलीच्या पडद्यापर्यंत येतात ते मोजके, तिथल्या बाजारात चाळून निघालेले आणि बहुधा सर्वांत जास्त पैसा ओतलेले. आपले चित्रपट मात्र आपल्यापुढे न चाळता येतात. निवडलेले सूप आणि न निवडलेले पोते शेजारी ठेवले, तर खडे पोत्यातच जास्त सापडणार.

हा हिशेब वजा केल्यावरही फरक उरतो आणि तो कबूल करावा. माझ्या मते तो अव्वल चित्रपटांपेक्षा मधल्या फळीत अधिक आहे. त्यांचा चार दिवसांत विसरला जाणारा सर्वसाधारण चित्रपटही एका पातळीच्या खाली सहसा उतरत नाही : पटकथेचे सांधे जुळलेले असतात, दोन वाक्यांपुरता येणारा नटही विचाराने निवडलेला असतो, आवाज स्वच्छ असतो. आपल्याकडे पहिल्या प्रतीचा चित्रपट होतो तेव्हा तो कुणाच्या तरी हट्टापायी होतो आणि त्याच्यामागून येणारा पुन्हा पाया खणण्यापासून सुरुवात करतो.

आवाजाचेच पाहा. चित्रीकरणाच्या वेळी कॅमेऱ्याची घरघर इतकी असे, की जागेवर टिपलेला आवाज केवळ खुणेपुरता ठेवायचा आणि संवाद नंतर स्टुडिओत पुन्हा म्हणून घ्यायचे, ही आपली कित्येक दशकांची रीत होती. ‘लगान’साठी (२००१) संवाद चित्रीकरणाच्या जागीच मुद्रित झाले, त्याचे तेव्हा केवढे कौतुक झाले, हॉलिवूडमध्ये ती रोजची गोष्ट होती. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मराठी चित्रपटाच्या डबिंगला मी दिवसभर बसलो होतो. पडद्यावरची बाई भरलेली घागर घेऊन चढण चढत होती आणि काचेपलीकडे अभिनेत्री खुर्चीत बसून त्या ओठांशी शब्द जुळवत होती. सहाव्या खेपेला ओठ जुळले, ध्वनिमुद्रकाने अंगठा वर केला आणि मंडळी चहाला उठली. आवाजात धाप मात्र कुठेच नव्हती. कुणाच्या ते लक्षात आले नसेल असे मला वाटत नाही. पण स्टुडिओचे भाडे तासावर होते आणि त्या दिवशी आणखी एकोणीस प्रसंग उरकायचे होते.

याउलट १९३७ सालचा प्रभात फिल्म कंपनीचा ‘कुंकू’ कान देऊन पाहा. फसवून म्हाताऱ्या बिजवराशी लग्न लावून दिलेल्या नीराची ही गोष्ट सांगताना व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीताचा आधारच घेतला नाही. त्या घरात ऐकू येतात ते त्या घरातलेच आवाज, आणि घड्याळाची टिकटिक वकील नवऱ्याचे उरलेले दिवस मोजत असल्यासारखी वाटते. त्याच सुमारास, म्हणजे १९३४ पासून, अमेरिकी चित्रपटसृष्टीने स्वतःवर लादून घेतलेली आचारसंहिता कडकपणे पाळली जात होती आणि पडद्यावर नवराबायकोचे पलंगही वेगवेगळे दाखवले जात. अशा काळात पुण्यातल्या एका स्टुडिओने हे लग्न आपल्याला मान्य नाही असे ठणकावून सांगणारी नायिका उभी केली. तेव्हा कल्पकता नव्हती असे कोण म्हणेल? पुढे प्रभात बंद पडली, तिथे तयार झालेली माणसे विखुरली आणि त्यांनी बसवलेली शिस्त त्यांच्याबरोबरच गेली.

अमेरिकेत शिस्त माणसांपेक्षा व्यवस्थेत मुरलेली आहे. पटकथा पुन्हा पुन्हा लिहिली जाते, प्रत्येक खर्ड्याचे पैसे मोजले जातात आणि श्रेयनामावलीत लेखकाचे नाव कुठे यावे याचे नियम त्यांच्या संघटनेने ठरवून घेतले आहेत. २०२३ साली तिथल्या पटकथाकारांनी १४८ दिवस संप केला, तेव्हा मालिकांपासून चित्रपटांपर्यंत कामे अडून बसली. आपल्याकडे लेखकांनी लेखणी खाली ठेवली, तर सेटवरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून संध्याकाळचे संवाद दुपारी लिहून देणारा कुणीतरी सापडेल, अशी मला धास्ती वाटते.

प्रश्न : आपले निम्मे चित्रपट इंग्रजीवरून उचललेले असतात. मग स्वतंत्र प्रतिभेच्या गप्पा कशाला? (एक निवृत्त शिक्षक, नागपूर)

उत्तर : ‘निम्मे’ हा आकडा आपला, मी तो मान्य करणार नाही. उचलेगिरी मात्र झाली आहे आणि भरपूर झाली आहे. ‘इट हॅपन्ड वन नाइट’ (१९३४) या अमेरिकी चित्रपटाची गोष्ट आपल्याकडे १९५६ मध्ये ‘चोरी चोरी’ म्हणून आणि १९९१ मध्ये ‘दिल है के मानता नहीं’ म्हणून आली. पहिल्याने नावातच कबुली देऊन टाकली, असे गमतीने म्हणता येईल.

तरीही गोष्ट दुसऱ्याची घेणे हा मुळात कमीपणा नव्हे. २००६ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळवणारा ‘द डिपार्टेड’ हाँगकाँगच्या चित्रपटावरून केलेला आहे आणि २०२१ चा तोच मान मिळवणारा ‘कोडा’ फ्रेंच चित्रपटावरून. २०१९ साली अमेरिकेत सर्वाधिक कमाई केलेल्या चित्रपटांची यादी पाहिली, तर वरच्या ओळींत जुन्या चित्रपटांचे पुढचे भाग, कॉमिकमधले नायक आणि जुन्याच चित्रपटांच्या नव्या आवृत्त्या भेटतात. नव्या गोष्टीची भीती तिकडच्या पैशालाही वाटते. ते हक्क विकत घेतात आणि मूळ कृतीचे नाव छापतात. आपल्याकडे हे भान उशिरा आले, परदेशी कंपन्या इथे कार्यालये थाटून बसल्यावर. हा मुद्दा सचोटीचा आहे आणि त्यात आपली बाजू लंगडी आहे, हे मान्य.

प्रश्न : ऑस्कर मिळत नाही, यावरूनच आपला दर्जा सिद्ध होत नाही का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. ऑस्कर हा अमेरिकी चित्रपटसृष्टीने आपल्याच माणसांसाठी सुरू केलेला पुरस्कार आहे आणि इतर देशांसाठी त्यात मुख्यतः एक खिडकी ठेवलेली आहे, तीही प्रत्येक देशाला एका चित्रपटापुरती. त्या खिडकीतून शेवटच्या पाचांत आपले तीन पोहोचले : ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे’ आणि ‘लगान’. २००४ मध्ये ‘श्वास’ची निवड झाली, तेव्हा अमेरिकेत प्रचारासाठी लागणारा पैसा उभा करण्यासाठी लोकांकडून वर्गणी जमवावी लागली. शिवाय पाठवणाऱ्यांची निवडही पाहावी. २०२४ मध्ये पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वुइ इमॅजिन ॲज लाइट’ला कान चित्रपट महोत्सवात ग्रां प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार, मिळाला. ज्याचा उत्तरार्ध रत्नागिरीच्या किनाऱ्यावर घडतो आणि ज्यात मराठीही बोलली जाते, असा तो चित्रपट. आपण त्या वर्षी दुसराच चित्रपट पाठवला.

प्रश्न : त्यांच्याइतका पैसा आणि तंत्रज्ञान मिळाले, तर आपण त्यांची बरोबरी करू शकू का? (अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : तंत्रापुरती तर होतेच आहे. अमेरिकी चित्रपटांच्या दृश्यपरिणामांचे पुष्कळ काम मुंबई, हैदराबाद, बंगळूरू इथल्या संगणकांवर बसलेली आपलीच मुले करतात. तीच मुले भारतीय चित्रपटासाठी बसतात तेव्हा पैसा कमी असतो हे खरे, पण त्याहून मोठी अडचण अशी, की प्रदर्शनाची तारीख आधी जाहीर झालेली असते आणि दिग्दर्शकाला काय हवे ते अजून ठरायचे असते.

‘सैराट’चे (२०१६) उदाहरण या प्रश्नाला नेमके लागू पडते. अजय-अतुल यांनी त्याचे वाद्यवृंदाचे संगीत अमेरिकेत, हॉलिवूडच्या चित्रपटांचे संगीत जिथे वाजवले जाते त्या स्टुडिओत मुद्रित केले. तो ध्वनी पैसे मोजून मिळाला आणि पैसे सार्थकी लागले. परंतु बुलेट हाकणारी आर्ची, करमाळ्याकडचा तो हेल, विहिरीतल्या पोहण्यापासून मानापमानापर्यंत सगळीकडे भिनलेली जात, हे नागराज मंजुळे यांनी जिथून आणले तिथे भाड्याने काही मिळत नाही. दोन वर्षांनी हीच गोष्ट हिंदीत ‘धडक’ या नावाने अधिक पैसे घालून उदयपूरला नेली. चित्रे देखणी आली आणि गोष्टीतला दाह ओसरला.

प्रश्न : आमची मुले इथेच वाढली असून भारतीय चित्रपटांना हसतात. तुलना करून दाखवायचीच झाली, तर त्यांना काय दाखवू? (एक आई, न्यू जर्सी)

उत्तर : न्यायासनाभोवतीचे दोन चित्रपट दोन संध्याकाळी दाखवा. पहिला ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७). खुनाच्या खटल्याचा निर्णय द्यायला बसलेल्या बारा ज्यूरींची ही गोष्ट, जवळजवळ सगळी एका खोलीत घडते. दिग्दर्शक सिडनी ल्युमेट यांनी चित्रीकरणाच्या आधी दोन आठवडे तालमी घेतल्या होत्या आणि चित्रपट पुढे सरकतो तशी त्यांनी कॅमेऱ्याची भिंगे बदलत नेली, त्यामुळे खोली आवळत चालल्यासारखी वाटते. मुलांना आधी काही सांगू नका. घुसमट त्यांना आपोआप जाणवेल.

दुसरा चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४), ज्याला व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात पुरस्कार मिळाला. गाणे ऐकून एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप एका वृद्ध शाहिरावर ठेवला जातो आणि खटला तारखांमागून तारखा घेत रेंगाळतो. इथे भिंगांची करामत मुळीच नाही. कॅमेरा कोर्टातल्या एखाद्या पक्षकारासारखा लांब, स्थिर बसून राहतो आणि कुणाकडे बघायचे ते आपल्यावर सोडतो. शाहिराला आत ठेवण्यासाठी झटणारी सरकारी वकील (गीतांजली कुलकर्णी) कोर्ट सुटल्यावर लोकलमध्ये शेजारच्या बाईशी ऑलिव्ह ऑइलविषयी बोलते, घरी येऊन स्वयंपाकाला लागते. तिच्या जागी खलनायक बसवणे किती सोपे होते, हे मुलांना विचारून पाहा.

एक सूचना. शेवटाकडे न्यायालयाला सुट्टी लागते, दालनातले दिवे मालवले जातात आणि पडदा काही क्षण पूर्ण काळा होतो. मी पाहिला तेव्हा निम्मे प्रेक्षक पायाने चपला चाचपडत उठले होते. मुलांना उठू देऊ नका, चित्रपट अजून संपलेला नसतो.