भाजी तोडायची कधी? परसबागेविषयी वाचकांचे प्रश्न

पावसाळ्यात आलेल्या पत्रांत पेरणी, खत आणि पाणी यांविषयी वाचकांनी बारकाईने लिहिले आहे. काढणीविषयी मात्र क्वचितच कोणी विचारले आहे, आणि तरीही अर्ध्याअधिक तक्रारींचे मूळ काढणीतच सापडते. म्हणून या अंकासाठी त्या अंगाने जाणारे प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : आमच्या सोसायटीने इमारतीमागच्या मोकळ्या जागेचे दहा बाय दहा फुटांचे तुकडे पाडून ते इच्छुक सभासदांना भाजीपाल्यासाठी दिले आहेत. जूनच्या मध्याला आम्ही भेंडी पेरली आणि जुलैअखेरीस फळे लागली. आम्ही दोघेही नोकरी करतो, त्यामुळे तोडणी रविवारीच होते. निम्मी भेंडी निबर निघते आणि आता तर झाडे फुलेनाशी झाली आहेत. खत कमी पडले का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : खत नव्हे, तोडणी कमी पडली आहे. भेंडीचे फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी मिटते. त्यानंतर पाच ते सात दिवसांत फळ तोडण्याजोगे होते आणि आणखी दोन-तीन दिवसांत त्यात धागा धरतो. आता आपला रविवारचा हिशेब मांडून पाहा. बुधवारी उमललेल्या फुलाचे फळ येत्या रविवारी फारच कोवळे म्हणून आपण झाडावर ठेवता, आणि पुढच्या रविवारी ते अकरा दिवसांचे होऊन सुतळीसारखे चिवट झालेले असते. म्हणजे आठवड्याच्या तोडणीत चूक आपल्या हातून होत नाही, ती वेळापत्रकातच असते.

याहून मोठे नुकसान पुढे होते. झाडाचा सारा खटाटोप बी तयार करण्यासाठी चाललेला असतो. फळ झाडावर राहून त्यात बी भरू लागले, की अन्नरसाचा ओघ तिकडे वळतो आणि नवीन कळ्या धरण्याचे प्रमाण घटते. कोवळे फळ तोडत राहिले, तर बी काही तयार होत नाही आणि झाड पुन्हा पुन्हा फुलत राहते. त्यामुळे कोवळी भेंडी तोडताना वजन कमी भरते असे वाटले, तरी हंगामाच्या शेवटी बेरीज जास्तच येते.

एक दिवसाआड तोडणी हा भेंडीचा नियम आहे. कचेरीला निघण्यापूर्वीची दहा मिनिटे शंभर चौरस फुटांसाठी पुरेशी असतात. बाजारात आपण भेंडीचे टोक मोडून पाहतो (आणि भाजीवाल्याची बोलणी खातो), तीच परीक्षा येथेही करावी : टोक कट्‌कन तुटले तर भेंडी कोवळी, नुसते वाकले तर निबर. फळ ओढून काढू नये. देठासह कात्रीने किंवा चाकूने कापावे, आणि लव टोचून हातांना खाज सुटते म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. आपली झाडे आता साडेतीन महिन्यांची झाली आहेत, त्यामुळे ती काढून टाकण्यास हरकत नाही. पानांच्या शिरा पिवळ्या न पडलेले एखादे जोमदार झाड मात्र बियांसाठी राखून ठेवावे. ‘परभणी क्रांती’सारखा सरळ वाण असेल, तर ते बी पुढच्या वर्षी तसेच उतरते; संकरित वाणाच्या बियांचा तसा भरवसा धरता येत नाही.

गवार, चवळी, शिराळे, घोसाळे आणि काकडी यांनाही हेच लागू आहे. काकडीच्या पानांआड दडलेले एक फळ पिकले तरी सारा वेल मंदावतो. हंगामाच्या अखेरीस एखादे पिवळे तवसे मुद्दाम राखले असेल, तर ते माफ, कारण धोंडस हे गोड पक्वान्न कोवळ्या काकडीचे होत नाही. उलट लाल भोपळ्याला घाई चालत नाही. त्याचा देठ सुकून कडक झाला आणि सालीत नख रुतेनासे झाले, की दोन बोटे देठ ठेवून तो कापावा. तसा तो घरात काही महिने टिकतो. सुरणाची पाने पिवळी पडून दांडा आडवा झाल्याशिवाय जमीन उकरूच नये.

प्रश्न : दुधीचा वेल मांडवभर पसरला आहे, पण बोटाएवढी फळे पिवळी पडून गळतात. जी तीन फळे मोठी झाली, त्यांपैकी एक कडू निघाले. कडूपणा मीठ लावून जातो का? (एक भगिनी, चेंबूर)

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. कडू दुधी खाऊ नये, त्याचा रस तर मुळीच पिऊ नये. तो कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्यांमुळे येतो. मीठ लावल्याने किंवा शिजवल्याने ती द्रव्ये नाहीशी होत नाहीत, आणि त्यांमुळे उलट्या, जुलाब व प्रसंगी रक्तस्राव होऊन प्रकृती गंभीर झाल्याची उदाहरणे आहेत. दुधी चिरल्यावर एक लहानशी कच्ची फोड जिभेला लावून थुंकून टाकण्याची आपल्या आज्ज्यांची सवय अगदी शास्त्रीय होती. ज्या वेलाचे फळ कडू निघाले, त्याचे बी धरू नये.

आता फळगळीविषयी. वेलावर आधी नरफुले येतात आणि मागाहून मादीफुले, ज्यांच्या मागे बारीक दुधीचा आकार दिसतो. परागीभवन झाले नाही, तर तो दुधी बोटाएवढा असतानाच पिवळा पडतो. दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते आणि ते काम निशाचर पतंगांचे असते. सरींमागून सरी कोसळत असताना ते पतंग फिरकत नाहीत. म्हणून दिवेलागणीच्या सुमारास ताजे नरफूल तोडून, त्याच्या पाकळ्या काढून, त्यातील पराग मादीफुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवावा. शिराळ्याचे फूलही सायंकाळचेच असते; कारले, काकडी आणि घोसाळे यांसाठी मात्र सकाळी उठावे लागते.

गळलेल्या फळावर सुईने टोचल्यासारखा ठिपका असून आत अळ्या असतील, तर तो फळमाशीचा उपद्रव समजावा. अशी फळे खताच्या ढिगात टाकू नयेत, कारण अळी मातीत शिरून कोष करते. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवावीत आणि वेलाजवळ क्यू ल्युअरचा (नर फळमाश्यांना ओढून घेणाऱ्या गंधाचा) सापळा टांगावा. वाढत्या फळाला कागदी पिशवी बांधणे हाही सोपा उपाय आहे, मात्र पावसात पिशवी बदलत राहावी लागते. जगलेला दुधी अंगावर लव असताना आणि नख सहज रुतत असतानाच उतरवावा. पाहुण्यांना दाखवण्यासाठी मी एकदा एक दुधी वेलावर राखला होता. पाहुणे यायला तीन आठवडे लागले, दुधीचा तंबोरा झाला आणि वेलाने त्यानंतर एकही फळ धरले नाही.

प्रश्न : लाल माठ आणि पालक मुळासकट उपटावेत की कापावेत? (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : दाट पेरलेला माठ पंचवीस-तीस दिवसांनी विरळणी करता करता उपटावा आणि उरलेला चार बोटे ठेवून खुडावा, तो पुन्हा फुटतो. पालकाची बाहेरची पाने काढत जावीत आणि मधला कोंब राखावा. अळूचेही तसेच : मधली दोन पाने सोडून बाहेरची देठासह घ्यावीत. मेथीला मात्र दुसऱ्या खुडणीची वाट पाहण्यात अर्थ नाही. आपल्याकडे किनाऱ्यालगतच्या रेतीत होणारी समुद्रमेथी तर दोन आठवड्यांच्या आतच उपटली जाते; तिच्या इवल्याशा जुड्या मुंबईकरांना ठाऊक आहेतच. घरी ती पसरट कुंडीत रेती आणि थोडे खत मिसळून सहज करता येते. शंखी गोगलगायींनी पाने खाल्ल्याचे आपण लिहिले आहे. रात्री ओले गोणपाट वाफ्याशेजारी अंथरून पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचाव्यात आणि साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. अशा वाफ्यातील पालेभाजी कच्ची खाऊ नये.

प्रश्न : जूनमध्ये लावलेले टोमॅटो हिरवेगार असताना दोन दिवसांत माना टाकून मेले. पुन्हा लावू का? (एक वाचक, दहिसर)

उत्तर : लावा, पण त्या वाफ्यात नको. मेलेल्या झाडाचा खोडाचा तुकडा काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात उभा धरला असता त्यातून दुधासारखे पांढरे धागे उतरू लागले, तर तो जिवाणूजन्य मर रोग असतो. तो मातीत दीर्घकाळ राहतो, आणि वांगी, मिरची व बटाटाही त्याच्या तावडीत सापडतात. तेथे काही हंगाम मका घ्यावा. मुळात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या मुंबईत टोमॅटो हे पावसाळी पीकच नव्हे. गणपतीच्या सुमारास आडोशाला रोपे तयार करावीत, नवरात्रात ती उंच वाफ्यावर लावावीत, म्हणजे फळे थंडीत येतात. हे टोमॅटो झाडावर लाल होण्याची वाट पाहू नये. हिरव्यावर पहिली गुलाबी झाक दिसली, की उतरवून टोपलीत ठेवावेत. ते घरात उत्तम पिकतात आणि पोपट, खारी व अळ्या यांच्यापासून वाचतात. फ्रिजमध्ये मात्र कच्चे ठेवू नयेत, तेथे पिकणेही थांबते आणि चवही जाते.

प्रश्न : आमची जुनी चाळ पाडून झालेल्या इमारतीच्या आवारात वाफे करायचे आहेत. मातीत विटा, चुना आणि सिमेंटचे तुकडे आहेत आणि शेजारून हमरस्ता जातो. येथील भाजी खाण्यास योग्य होईल का? (एक वाचक, लोअर परळ)

उत्तर : त्या मातीत थेट पेरू नये. राडारोड्यातील चुन्याने मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) वाढतो आणि लोहासारखी अन्नद्रव्ये असूनही झाडाला मिळत नाहीत. नवी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात, ते यामुळे. दुसरी शंका शिशाची आहे. शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० साली बंद झाले, परंतु रस्त्यालगतच्या मातीत साठलेले शिसे किंवा जुन्या रंगांचे कण आपोआप नाहीसे होत नाहीत. नेहमीच्या माती परीक्षणात सामू, क्षार आणि अन्नद्रव्ये तपासतात. शिशाची तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते.

तोवर विटा रचून फूटभर उंचीचे वाफे करावेत आणि ते बाहेरून आणलेली माती व खत यांनी भरावेत. पावसात पाणी तुंबत नाही, हा त्यांचा आणखी एक फायदा. खतासाठी पैसे घालवण्याचे कारण नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यावर भाजीपाला आणि फळझाडे वाढवून दाखवली. आपल्या सोसायटीतही भाज्यांची देठे-साली आणि पर्जन्यवृक्षाचा पालापाचोळा फुकट मिळेल. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर सुक्या पानांचा जाड थर दिला, म्हणजे दुर्गंधी येत नाही आणि घुशीही तिकडे वळत नाहीत.

पिकांची निवडही विचारपूर्वक करावी. शिशाचा अंश फळभाज्यांत सर्वांत कमी उतरतो. मुळा, गाजर यांसारख्या कंदमुळांत आणि धूळ बसणाऱ्या पालेभाज्यांत तो अधिक सापडतो. म्हणून रस्त्याच्या बाजूला वेलांचा मांडव, आणि पालेभाजी आतल्या अंगाला, असा क्रम ठेवावा.

प्रश्न : दिवाळीत पंधरा दिवस गावी जाणार आहोत. वाल, काकडी आणि मिरची ऐन भरात असतील. पाण्याची सोय केली आहे, आणखी काय करावे? (एक भगिनी, विलेपार्ले)

उत्तर : पाण्यासाठी भरून ठेवलेली पिंपे घट्ट झाकावीत आणि कुंड्यांखालच्या बशा पालथ्या घालाव्यात; आठ-दहा दिवस साचलेल्या पाण्यात डासांची पैदास पूर्ण होते. निघण्याच्या सकाळी बोटाएवढी काकडीसुद्धा झाडावर ठेवू नये. मिरच्या हिरव्या-लाल सगळ्या उतरवाव्यात. लाल झालेल्या गावच्या अंगणात वाळवता येतील. नंतरच्या तोडणीसाठी शेजारच्यांना सांगून जावे, आणि सांगताना “लागेल तेव्हा घ्या” असे न म्हणता “दर दोन दिवसांनी सगळे तोडून न्या” असे म्हणावे. संकोचाने शेजारी दोन-चार शेंगा घेतात आणि बाकीच्या आपल्यासाठी ठेवतात, आणि त्या ठेवलेल्या शेंगांनीच वेलाचे फुलणे बंद होते. कात्री आणि टोपली त्यांच्या हाती देऊनच निघावे.