जुन्या लाकडी पट्टीवरील तारा : स्वतः काय काढावे, वायरमनकडून काय करून घ्यावे

सांगलीतील आपल्या वडिलोपार्जित घरात नवीन वायरिंग झाले आहे, आणि भिंतींवर राहिलेल्या लाकडी पट्ट्या व त्यांवरील काळ्या तारा रंगकामापूर्वी स्वतःच काढाव्यात का, असे आपण विचारले आहे. काढता येतील, परंतु त्या तारांचे मेन बोर्डाकडील टोक परवानाधारक वायरमनने सोडवून दिल्यानंतरच. हा क्रम उलटा करू नये, असे मी आग्रहाने सांगतो.

मेन स्विच पाडला की सगळे घर बंद झाले, असे आपण धरून चालतो. जुन्या घरांत ते नेहमी खरे नसते. त्या काळच्या अनेक बोर्डांत फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) या दोहोंना चिनीमातीचे स्वतंत्र फ्यूज असत. त्यांपैकी नेमका न्यूट्रलचा फ्यूज काढला गेला, तर दिवे विझतात, पंखे थांबतात, आणि फेजची तार मात्र २३० व्होल्टवर तशीच राहते. इन्व्हर्टर असेल, तर मेन बंद होताच तो वीज गेली असे समजून स्वतःहून चालू होतो. म्हणून तो वेगळा बंद करून बोर्डापासून सोडवावा लागतो. शिवाय एकत्र कुटुंबाच्या घरात वाटणीनंतर एखादी तार दुसऱ्या मीटरवरून आलेली असते, हेही मी पाहिले आहे.

आमच्या स्वयंपाकघरातला जुना होल्डर काढताना बटण बंद होते आणि दिवा विझलेला होता, तरीही होल्डरच्या पिनेवर टेस्टरचा दिवा लागला, कारण कोणीतरी बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवले होते. मी ताबडतोब मेन पाडून होल्डर खाली ओढला, तेव्हा त्यामागच्या तारेवरचे वाळलेले रबर नुसत्या हिसक्याने तुकडे होऊन शिडीवर पडले आणि बोटभर तांबे उघडे झाले. बाहेरून ती तार धडधाकट दिसत होती. असे रबर पट्टीत दबलेले असते तोवर टिकते, ओढल्यावर तुटते.

टेस्टर लागला नाही, म्हणजे तारेत वीज नाही, असे मानू नये. भर उजेडात त्याचा दिवा दिसत नाही, आणि कोरड्या लाकडी शिडीवर उभे असताना तो फार मंद लागतो. मल्टिमीटर (व्होल्टेज आकड्यात दाखवणारा मीटर) घ्यावा, तो आधी चालू असल्याची खात्री असलेल्या जागी तपासावा, मग काढायच्या तारेवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असे तिन्ही जोड्यांतील व्होल्टेज मोजावे, आणि शेवटी पुन्हा चालू जागी तपासून मीटर बिघडलेला नाही ना, हे पाहावे.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ४५ व्या नियमानुसार दिवे, पंखे, फ्यूज, बटणे यांसारख्या वस्तू, विजेच्या मांडणीची क्षमता किंवा स्वरूप न बदलता, बदलणे एवढीच सूट होती. भर घालणे, फेरफार आणि दुरुस्ती हे काम परवानाधारक कंत्राटदाराचे होते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नंतरच्या विनियमांतही हेच तत्त्व आहे. मीटर आणि त्याचे सील यांना तर आपण हातही लावू नये. तेथे वीज कंपनीचाच माणूस हवा.

वायरमनने मेन बोर्डाकडील टोक सोडवून दिले आणि आपण स्वतः मोजून खात्री केली, की उरलेले काम कष्टाचे आहे, जोखमीचे नाही. क्लिपा उचकटाव्यात, पट्टी खिळ्यांसकट सुटी करावी, आणि तार भिंतीतील नळीत जाते तेथे ती ओढू नये, तर एकेक तार स्वतंत्र कापावी. दोन तारा एकत्र पकडीत धरून कापल्या आणि त्यांत चुकून वीज असली, तर शॉर्टसर्किट होऊन ठिणगी चेहऱ्यावर येते.

एक तार मात्र सर्वांत शेवटी काढावी. पट्टीशेजारून उघडी जाणारी लोखंडी किंवा तांब्याची अर्थिंगची तार निरुपयोगी दिसते. परंतु नवीन बोर्डाचे अर्थिंगही कधीकधी तिच्यावरच जोडलेले असते. ती कोठे जाते हे वायरमनकडून शोधून घेतल्याशिवाय तिला हात लावू नये.

सर्व काढून झाल्यावर मेन चालू करण्यापूर्वी वायरमनला ५०० व्होल्टच्या मेगरने (तारांवरील आवरणाचा विद्युतरोध मोजणाऱ्या उपकरणाने) इन्सुलेशन मोजायला सांगावे. आकडा १ मेगाओहमपेक्षा कमी आला, तर कोठेतरी जुने टोक नवीन मांडणीत राहिले आहे का, ते आधी पाहावे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बोर्डात नसेल, तर त्याच फेरीत बसवून घ्यावा.