‘मॅश्ड पोटॅटो’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आहे: ‘एक इंग्रजी पाककृती मराठीत उतरवते आहे. ‘क्रीमी मॅश्ड पोटॅटोज’ला काय लिहू? भाषांतराच्या यंत्राला विचारलं तर ‘मलईदार मॅश केलेले बटाटे’ असं उत्तर येतं. सासूबाई म्हणतात, सरळ ‘बटाट्याचं भरीत’ लिही. ‘बटाट्याचा लगदा’ कसा वाटतो? पुढे लसणाचा, कांदापातीचा, चीजचा असे प्रकारही आहेत.’

लगदा आधी निकालात काढू. लगदा कागदाचा होतो, भिजलेल्या पुठ्ठ्याचा होतो. भाताचा लगदा झाला असं म्हटलं की करणाऱ्याला बोलणी बसली असं समजायचं. खायच्या पदार्थाला हा शब्द मराठीत फक्त तक्रार म्हणून लागतो.

सासूबाईंचं म्हणणं मात्र सहज झटकण्यासारखं नाही. भरीत म्हटलं की आधी निखाऱ्यावर भाजलेलं वांगं आठवतं. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण भाजणं ही भरताची अट नाही. लाल भोपळ्याचं भरीत फोडी उकडून करतात, बटाट्याचंही तसंच. शिजून मऊ झालेली फळभाजी मोडायची आणि तिच्यात काहीतरी कालवायचं, की झालं भरीत. भाजी कच्ची असेल तर ती कोशिंबीर. या हिशेबाने मॅश्ड पोटॅटो भरताच्याच कुळातला ठरतो. आपल्या उपखंडात हे कूळ मोठं आहे: बिहारचा आलू चोखा, ओडिशाचा आलू चकटा, बांगलादेशातला आलू भर्ता. बंगालीतल्या ‘आलू माखा’तला माखा तर आपल्या ‘माखणे’चा सख्खा भाऊ. आपण अंगाला तेल माखतो, ते बटाट्याला मोहरीचं तेल माखतात.

तरीही मी शीर्षकात भरीत लिहिणार नाही. ‘बटाट्याचं भरीत’ वाचणाऱ्याला दही, हिरवी मिरची, मोहरी-हिंगाची फोडणी दिसते. उपासाचं असेल तर तूप-जिरं आणि दाण्याचं कूट. ते ताटात डावीकडे, चटणीच्या शेजारी, चमचाभर वाढतात आणि गारच खातात. इंग्रजी पदार्थ गरम असतो, त्यात दूध-लोणी असतं, मांसाच्या किंवा सॉसेजच्या शेजारी त्याचा ढीग घालतात आणि त्यावर रस ओततात. नावावरून वाचकाची समजूत वेगळी होणार असेल तर ते नाव चुकलंच. कंसात किंवा ओघात ‘दूध-लोण्यातलं बटाट्याचं भरीत’ अशी ओळख जरूर करून द्या, पण नाव ‘मॅश्ड पोटॅटो’च राहू द्या.

परका शब्द ठेवल्याचं वाईट वाटून घेऊ नका. बटाटा तरी आपला कुठे आहे? पोर्तुगिजांचा ‘बटाटा’ आपण जसाच्या तसा घेतला. त्यांच्याकडे तो कॅरिबियन बेटांवरच्या तायनो लोकांच्या भाषेतून आला, आणि तिथे त्याचा अर्थ होता रताळं. खऱ्या बटाट्याला त्याच्या माहेरी, अँडीज पर्वतातल्या क्वेचुआ भाषेत, ‘पापा’ म्हणतात. म्हणजे आपण पिढ्यान्‌पिढ्या बटाट्याला रताळ्याच्या नावाने हाक मारतो आहोत, आणि त्यावाचून काही अडलेलं नाही.

खरी अडचण नामात नाही, क्रियापदात आहे. इंग्रजीला ‘मॅश’ हे एकच क्रियापद पुरतं. ते मुळात बिअर गाळणाऱ्यांचं: माल्ट गरम पाण्यात कालवण्याची क्रिया म्हणजे मॅश. बटाटा युरोपात पोचला तो त्यानंतर कित्येक शतकांनी. आपल्याकडे मात्र मऊ वस्तू मोडायची म्हटली तरी क्रियापदांची रांग लागते. भाकरी दुधात कुस्करतात. कोरडी भाकरी चुरतात. वरण घोटतात. लसूण ठेचतात, पोहे कांडतात, चटणी वाटतात, पीठ मळतात, दही फेटतात. यांतलं एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही, कारण प्रत्येकात हाताचा जोर वेगळा आणि निघणारी वस्तूही वेगळी. फोडणीच्या पोळीला कुस्करा म्हणतात, चुरमा नाही.

मॅश्ड पोटॅटोच्या पाककृतीत हा फरक नुसता शब्दांचा राहत नाही. उकडलेल्या बटाट्याच्या प्रत्येक पेशीत पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगलेले असतात. बटाटा हलक्या हाताने मोडला तर पेशी एकमेकींपासून सुटतात, पण बहुतेक अख्ख्या राहतात, आणि जिभेला ते मऊ लागतं. जोर लावून रगडला किंवा मिक्सरला लावला तर पेशी फुटतात, पिष्ट बाहेर येतं आणि सगळ्याचा चिकट, ताणला जाणारा गोळा होतो. त्या गोळ्याला मराठीत नेमका शब्द आहे: खळ. पतंगाला कागद चिकटवायला करतात ती, सुती साडीला घालतात ती. तेव्हा ‘मॅश’साठी ‘कुस्करा’ लिहा. ‘घोटा’, ‘वाटा’, ‘मिक्सरमधून काढा’ लिहू नका. एका चुकीच्या क्रियापदाने वाचकाच्या घरी खळ तयार होईल.

इंग्रजी पाककृतीत पुढे ‘राइसर’ किंवा ‘फूड मिल’ असे शब्द येतील. फूड मिलला घाबरू नका. चाळणीचा तळ, वर दट्ट्यासारखं फिरणारं पातं आणि हातात मूठ, असं हे भांडं म्हणजे आपलं पुरणयंत्र. फ्रान्समध्ये झाँ मांतले यांनी १९३२ साली असंच एक यंत्र बाजारात आणलं, बटाट्याच्या प्युरेसाठीच, म्हणजे तिकडच्या मॅश्ड पोटॅटोसाठीच. पुढे त्यांचीच कंपनी मूलिनेक्स या नावाने प्रसिद्ध झाली. होळीला बाहेर निघणारं आणि एरवी माळ्यावर पडलेलं पुरणयंत्र या कामाला उत्तम, कारण ते बटाटा दाबून गाळतं, चेचत नाही. म्हणून इथे क्रियापद ‘गाळणे’ असं हवं: ‘बटाटे गरम असतानाच पुरणयंत्रातून गाळून घ्या.’ राइसर म्हणजे दट्ट्याने दाबून बारीक भोकांतून बटाटा बाहेर काढणारं साधन. सोऱ्याला शेवेची जाळी लावून तेच काम होतं. उपासाच्या बटाट्याच्या चकल्या करणाऱ्यांना हे सांगायला नको.

आता ‘क्रीमी’. ‘मलईदार’ हा शब्द मराठीत आहे, पण तो मंत्रालयात जास्त चालतो. मलईदार खातं कोणाला मिळालं याची चर्चा दर शपथविधीनंतर होते. ‘दुधाळ’ हे जनावराचं विशेषण. ‘सायीचे बटाटे’ लिहिलं तर वाचक खरोखर साय घालेल. मूळ इंग्रजीत तरी बहुतेक वेळा ‘क्रीमी’ म्हणजे क्रीम घातलेलं नसतंच. हॅना ग्लास यांच्या १७४७ सालच्या इंग्रजी पाकपुस्तकात मॅश्ड पोटॅटोची कृती आहे: दोन पौंड बटाटे, एक पाइंट दूध, पाव पौंड लोणी. क्रीमचं नावही नाही. पॅरिसचे विख्यात शेफ जोएल रोबुशाँ यांच्या गाजलेल्या प्युरेत एक किलो बटाट्यांना २५० ग्रॅम लोणी आणि थोडं गरम दूध असतं. त्यातही क्रीम नाही. ‘क्रीमी’ हे स्पर्शाचं वर्णन आहे आणि त्याला मराठीत ‘मऊसूत’ आहे, ‘लोण्यासारखा’ आहे. मी ‘मऊसूत’ घेईन. पुरणपोळीला चालतो, जुन्या सुती धोतरालाही चालतो, आणि तोंडात घोळवायला बरा वाटतो.

लोण्यावरून आठवलं. ‘बटर’ लिहू नका असा माझा आग्रह आहे, आणि तो शुद्धीसाठी नाही. बेकरीत जाऊन बटर मागितलं तर चहात बुडवायचा कडक गोल पाव मिळतो, हे एक. दुसरं म्हणजे पिवळं, खारवलेलं पाकिटातलं बटर घातलं की मिठाचा अंदाज चुकतो. विरजणाच्या ताकातून काढलेलं आपलं पांढरं लोणी बिनमिठाचं आणि किंचित आंबूस असतं. फ्रेंच लोणीही पुष्कळदा साय आंबवूनच केलेलं असतं, म्हणून चवीने ते दोन्ही जवळचे. घरी एवढं लोणी नसेल तर बिनमिठाचं बटर आणा, पण पाककृतीत ‘लोणी’च लिहा.

भाषांतराच्या यंत्राची आणखी एक खोड सांगायला हवी. ते ‘बटाटे उकळा’ लिहितं. मराठीत दूध आणि पाणी उकळतं, बटाटे उकडतात आणि भात शिजतो. ‘ड्रेन’ला ‘काढून टाका’ नको; ‘पाणी निथळून घ्या’. निथळल्यावर बटाटे पुन्हा त्याच गरम पातेल्यात मिनिटभर ठेवून वाफ जाऊ द्यायची असते, कारण आत राहिलेलं पाणी पुढे लोण्याची जागा अडवतं. इंग्रजी पुस्तकं इथे ‘फ्लाउरी’ बटाटा मागतात. त्याला मराठीत ‘पिठूळ’ म्हणतात, आणि चांदण्याला लागणारा हा शब्द बटाट्यालाही शोभतो. नवा बटाटा ओलसर आणि चिवट असतो, तो काचऱ्यांना द्या. शीतगृहातला जुना बटाटा पिठूळ असतो, पण थंडीत त्यातल्या पिष्टाची थोडी साखर होते आणि तो गोडसर लागतो. आणल्यावर आठवडाभर बाहेर, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवला तर तो गोडवा बराचसा उतरतो.

प्रकारांची नावं मूळचीच ठेवा, पण त्यांच्यापुढे एक मराठी ओळ हवी. लसणाच्या प्रकारात गड्डा अख्खा, थोडं तेल लावून मंद भाजायचा. पाकळी लोण्यासारखी दाबून बाहेर येते. तेव्हा तिथे ‘ठेचलेला लसूण’ लिहू नका, वाचक कच्चा लसूण ठेचून घालेल आणि पदार्थ उग्र होईल. आयर्लंडचा चॅम्प म्हणजे कांदापात बारीक चिरून दुधात उकळायची आणि ते दूधच बटाट्यात घालायचं. वाढताना मध्ये खळगा करून त्यात लोण्याचा गोळा ठेवतात. आपण भाताच्या मुदीवर तूप वाढतो तसं. त्यांचाच कोलकॅनन कोबीचा, किंवा केल नावाच्या कोबीच्याच जातीतल्या पालेभाजीचा. आयरिशमधलं त्याचं नाव पांढऱ्या डोक्याच्या कोबीवरून आलेलं आहे, आणि हॅलोविनच्या रात्री त्यात अंगठी किंवा नाणं लपवायची रीत होती. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवरचा क्लॅपशॉट बटाटा आणि स्वीड नावाच्या पिवळ्या कंदाचा. जर्मनीत ऱ्हाइनच्या काठी ‘आभाळ आणि माती’ या नावाचा पदार्थ करतात: झाडावरचं सफरचंद ते आभाळ, जमिनीतला बटाटा ती माती. हे नाव मात्र मी बेधडक मराठीत लिहीन.

आणि ज्याने माझा वरचा नियम मोडतो तो आलिगो. दक्षिण फ्रान्सच्या ओब्राक पठारावरचा हा प्रकार: बटाट्याच्या गरम प्युरेत लोणी, लसूण आणि ताजं, अजून न मुरलेलं चीज घालून लाकडी उलथण्याने जोरात फिरवत राहायचं. इथे चिकटपणाच हवा असतो. उलथणं उचललं की पातेल्यापासून वरपर्यंत फितीसारखा सलग ताण निघायला हवा. इंग्रजी पुस्तकांत या जागी वाक्यच्या वाक्य खर्ची पडतं. मराठी लिहिणाऱ्याला ‘तार येईपर्यंत घोटा’ एवढं पुरे. पाक करणाऱ्या घरात तार म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. ग्रीसच्या स्कोर्दालियातही लसूण आणि ऑलिव्ह तेल खलबत्त्यात कुटतात आणि त्यात बटाटा कालवतात, म्हणजे तिथे दोन क्रियापदं लागली.

यावरून तुमच्या मूळ कृतीची मराठी साधारण अशी होईल:

‘एक किलो पिठूळ बटाटे सालासकट, मीठ घातलेल्या गार पाण्यात घालून उकडायला ठेवा. सुरी सहज आरपार गेली की पाणी निथळा आणि बटाटे गरम आहेत तोवर सोला. पुरणयंत्रातून गाळा, किंवा मॅशरने कुस्करा. पातेलं मंद आचेवर ठेवून शंभर ग्रॅम लोण्याचे गार तुकडे थोडे थोडे मिसळा. मग पाऊण ते एक वाटी कडकडीत दूध बेताबेताने घाला आणि उलथण्याने हलक्या हाताने एकजीव करा. मऊसूत झालं की थांबा.’

शेवटचं वाक्य सोडू नका. ‘फेटा’ असं मी मुद्दाम लिहिलेलं नाही.

एक बाब तुम्ही विचारली नाहीत, पण लिहायला बसल्यावर अडेल: लिंग आणि वचन. ‘मॅश्ड पोटॅटोज छान झाले’ की ‘झाला’ की ‘झालं’? शेवटचा ‘ज’ आधी काढून टाका. इंग्रजी अनेकवचनाची मराठी वाक्यात गरज नाही. बटाट्याच्या ओढीने बरेच जण पुल्लिंगी बोलतात, ‘पोटॅटो मस्त झालाय’, आणि नाव म्हणून मीही वर ‘ठरतो’ असंच लिहिलं आहे. पण पातेल्यात एकदा मोडल्यावर त्यात बटाटा मोजता येत नाही. तिथे भरीत, पुरण, सारण यांच्यासारखं नपुंसकलिंगी एकवचन बरं: ‘मॅश्ड पोटॅटो मऊसूत झालंय.’ मुंबई-पुण्यातली मुलं ‘मॅश’ एवढंच म्हणतात, तेही नपुंसकलिंगीच ऐकू येतं: ‘अजून थोडं मॅश वाढ.’ पाककृतीच्या शेवटी ‘वाढा’ लिहाल तिथे तसंच चालू द्या.