पांदण, घाट आणि शर्यतीची सायकल: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : परतवाड्याजवळच्या खेड्यात राहतो. वय १९, वजन ६२ किलो. चिखलदऱ्याच्या घाटात सराव करून रोड शर्यतीत उतरायचं आहे. पण घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत दोन किलोमीटर पांदण आहे आणि बाबा सायकल एकच घेऊन देणार. रोड घ्यावी की एमटीबी (माउंटन बाइक)?
– एक वाचक, अचलपूर तालुका

उत्तर : शर्यत डांबरावरची, तर सायकल रोडचीच. दोन किलोमीटर पांदणीपायी उरलेला सगळा सराव जाड टायरवर करण्यात अर्थ नाही. मात्र फ्रेम घेताना वजनाआधी टायरची जागा विचारा. जुन्या रिम-ब्रेकच्या फ्रेममध्ये २५, फार तर २८ मिमीचा टायर बसतो. हल्लीच्या बऱ्याच डिस्क-ब्रेक फ्रेममध्ये ३२ मिमी जातो आणि तुम्हाला तोच हवा. तुमच्या वजनाला ३२ मिमीत ५५ ते ६० पीएसआय हवा पुरते. तेवढ्यावर गिट्टीतून सायकल उसळत नाही आणि डांबरावर वेगही फारसा जात नाही. पावसाळ्यात मात्र काळ्या मातीपुढे कुठलाच टायर टिकत नाही. चिखल ब्रेक आणि फ्रेमच्या फटीत भरून चाक जाम होतं, एमटीबीचंही. ते चार महिने पांदणीत सायकल खांद्यावर घ्या. जाम चाक ओढत नेलं तर फ्रेमचा रंग खरवडतो आणि डिरेल्युअरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकतो. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, तालुक्याला मिळत नाही. सायकलीसोबतच एक जादा मागून घ्या.

आता गिअर, कारण खरी फसगत इथे होते. परतवाड्याहून चिखलदऱ्याला सुमारे ७०० मीटर चढायचं आहे. ‘रेसिंग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सायकलींना पुढे ५२/३६ दातांच्या चकत्या आणि मागे ११-२८ ची कॅसेट (मागच्या चाकाच्या चकत्यांचा संच) असते. सर्वांत हलक्या गिअरमध्ये मिनिटाला ७० पेडल मारले तरी वेग ताशी ११ किमीच्या वर ठेवावा लागतो. तीव्र चढावर तो राहत नाही, पेडल जड होतं आणि भार गुडघ्यावर येतो. पुढे ५०/३४ आणि मागे ११-३४ घेतलं तर त्याच ७० पेडलला ताशी पावणेनऊ किमी पुरतात. कॅसेट नंतर बदलू म्हणाल तर मागचा डिरेल्युअर आधी बघा. शिमानो १०५ च्या आर७००० मालिकेत आखूड केजचा (साखळी ताणून धरणाऱ्या दांड्याचा) ३० दातांपर्यंतच चालतो, ३४ ला मध्यम केजचा लागतो.

वजनासाठी जादा पैसे मोजण्याआधी एवढं लक्षात घ्या, की यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेच्या नियमाने रोड शर्यतीत ६.८ किलोपेक्षा हलकी सायकल चालतच नाही. आठ-नऊ किलोची आणि योग्य मापाची सायकल नवख्याला भरपूर झाली.

प्रश्न : क्रॉस-कंट्री शर्यतीसाठी एमटीबी घ्यायची आहे. एकाच किमतीत हार्डटेल आणि फुल सस्पेन्शन, दोन्ही दिसतात.
– एक वाचक, चिमूर तालुका

उत्तर : किंमत सारखी असेल तर हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली. फुल सस्पेन्शनमध्ये तोच पैसा मागचा शॉक, लिंक आणि बेअरिंगांत वाटला जातो आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), ब्रेक, चाकं हलक्या प्रतीची येतात. शिवाय मुरमाची धूळ बेअरिंगात शिरते.

फोर्क हवेचा, १०० ते १२० मिमी दबणारा आणि रिबाउंडचं (दबलेला फोर्क परत उसळण्याचा वेग ठरवणारं) बटण असलेला पाहा. स्वस्त स्प्रिंगचा फोर्क तुमच्या वजनाला जुळवता येत नाही. फोर्कच्या दांड्यावरचं रबरी कडं खाली सरकवा, शर्यतीच्या कपड्यांत अलगद बसा, अलगद उतरा. १०० मिमीच्या फोर्कवर कडं २० मिमी वर सरकलेलं असलं की हवा बरोबर.

ब्रेकचं तेल विचारूनच सायकल घ्या. शिमानोला मिनरल ऑइल लागतं, ते शहरातून आणून ठेवावं लागेल. डॉट तेल मोटारसायकलच्या कुठल्याही दुकानात मिळतं, म्हणून कुणी ते मिनरलच्या ब्रेकमध्ये ओतलं तर आतले रबरी सील फुगतात आणि ब्रेक कामातून जातो.

प्रश्न : जुनी कार्बन फ्रेम घ्यावी का?
– एक वाचक, आर्वी

उत्तर : सीटपोस्ट (सीटचा दांडा) तुमच्यासमोर पूर्ण बाहेर काढून दाखवला तरच. तो अडकलेला असेल तर सोडून द्या. मग फ्रेम धुऊन उन्हात बघा : पेडलच्या बेअरिंगभोवती, हँडलखालच्या नळीच्या सांध्याला, सीटच्या क्लँपखाली. नाण्याने हलकेच ठोकत जा; एखाद्या जागी टणक आवाज अचानक बद्द झाला तर आतले थर सुटलेले असू शकतात. सीटपोस्ट परत बसवताना कार्बन पेस्ट लावा आणि टॉर्क-पान्ह्याने त्यावर छापलेल्या आकड्याइतकाच आवळा. बहुधा तो ५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो.

प्रश्न : सराटे आणि बाभळीच्या काट्यांनी जीव नकोसा केला आहे. ट्यूबलेस इथल्या उन्हात चालेल का?
– एक वाचक, दारव्हा

उत्तर : चालेल, पण सीलंट (टायरच्या आत राहून छिद्र बुजवणारं द्रव) वारंवार बघावं लागेल. २९ × २.२ च्या टायरला ८० ते १०० मिली, २८ मिमीच्या रोड टायरला ३० ते ४० मिली टाका. सीलंट लेटेक्सचं असतं, उन्हाने त्यातलं पाणी उडतं आणि आत रबराच्या गोळ्या उरतात. हिवाळ्यात दोन-तीन महिन्यांनी तपासलं तरी चालतं, एप्रिल-मेमध्ये दर महिन्याला. व्हॉल्व्ह वर ठेवून हवा सोडा, मग तो खाली आणा, आतली पिन काढून प्लॅस्टिकची पट्टी बुडवा. कोरडी आली तर नवं भरा.

टायर पहिल्यांदा बसवायला कॉम्प्रेसर लागतो. पंक्चरवाल्याचं नोझल मोटारसायकलच्या व्हॉल्व्हचं असतं, बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला पितळी अॅडॉप्टर न्यावा. रिम हुकलेस (टायर अडकवणारी आतली कड नसलेली) असेल तर ७२.५ पीएसआयच्या वर कधीही जाऊ नका, टायर उडू शकतो. ट्रकच्या मीटरवर तेवढा आकडा क्षणात ओलांडला जातो, म्हणून थोडी-थोडी हवा भरायला सांगा आणि स्वतःच्या मीटरने मोजा.

छिद्र मोठं निघालं आणि वाटेत ट्यूब घालायची वेळ आली, तर आधी टायरच्या आतून सुती फडकं फिरवा. सीलंटने बुजवलेले जुने काटे तसेच आत असतात. फडकं जिथे अडकेल तिथला काटा उपटा, नाहीतर नवी ट्यूब दहा पावलांत बसेल.