आधी माईंना विचारा

प्रश्न : ताई, नमस्कार. सेमिनरी हिल्सवर रोज पहाटे फिरायला येणारा आमचा अकरा जणांचा ग्रुप आहे. त्यात सर्वांत मोठ्या आमच्या माई. येत्या नोव्हेंबरात त्या ७५ वर्षांच्या होतील. हॉल घेऊन जेवणावळ घालण्यापेक्षा त्यांना मध्य प्रदेशातल्या पचमढीला न्यायचं आणि सगळ्यांनी मिळून तिथला चौरागडाचा डोंगर चढायचा, असं आम्ही ठरवलंय. त्यांना अजून सांगितलं नाही, सरप्राइज आहे. बीपीची गोळी सुरू आहे, उजवा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, बाकी तब्येत ठणठणीत. पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलाला मात्र हे पसंत नाही. वर ऑक्सिजन कमी पडेल म्हणतो. काय करावं?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : सगळ्यात आधी ते सरप्राइज रद्द करा. उद्या सकाळी फिरायला जाल तेव्हाच माईंना सांगा आणि त्यांना जायचंय का, ते विचारा.

मी हे इतक्या ठामपणे सांगतेय, कारण ही चूक मी केली आहे. आमच्या शाळेतल्या एका निवृत्त सरांच्या सत्तरीला आम्ही आठ जणांनी त्यांना असंच न सांगता चौरागडाच्या पायथ्याशी नेऊन उभं केलं. सर चढले. वर फोटो झाले, टाळ्या झाल्या. उतरताना मात्र त्यांच्या मांड्या थरथरायला लागल्या. एका वळणावर ते खडकावर टेकले आणि मला म्हणाले, "मला खरं तर खाली झाडाखाली बसून तुमची वाट बघायची होती. पण तुम्ही सगळे इतक्या हौसेनं आलात, नाही कसं म्हणू?" ते वाक्य अजून माझ्या मनातून जात नाही. वाढदिवस त्यांचा होता आणि चढले ते आमच्यासाठी.

आणि विचारल्यावर काय बाहेर येईल ते ऐका तरी. आपल्या विदर्भातून महाशिवरात्रीला कितीतरी लोक नवसाचे त्रिशूळ खांद्यावर घेऊन 'हर बोला, हर हर महादेव' म्हणत ते वाहायला चौरागडावरच्या महादेवाच्या देवळात जातात. माईंच्या माहेरून कुणी गेलं असेल. कदाचित त्या स्वतः लहानपणी अर्ध्या वाटेपर्यंत गेल्या असतील. असं काही निघालं तर तो डोंगर त्यांचा होईल आणि तयारीही त्या मनापासून करतील.

त्यांच्या मुलाला सांगा, ऑक्सिजनची काळजी नको. उंचीचा त्रास साधारणपणे अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. पचमढी हजार मीटरच्या थोडी वर आहे आणि चौरागड तेराशेच्या आसपास. काळजी करायचीच तर पायऱ्यांची करा. गाडी महादेव गुंफेच्या परिसरापर्यंत जाते. पुढे तीन-साडेतीन किलोमीटरची जंगलातली चाल आणि त्यात बाराशेहून अधिक पायऱ्या. चढताना दम लागतो, पण तो दोन मिनिटं थांबलं की उतरतो. उतरताना मात्र प्रत्येक पायरीला शरीराचा सगळा भार मांडीच्या स्नायूंना पेलत खाली सोडावा लागतो. गुडघे तिथं बोलतात. जपानचे युइचिरो मिउरा २०१३ साली वयाच्या ८० व्या वर्षी एव्हरेस्टवर पोचले, पण परतीचा शेवटचा टप्पा त्यांनी हेलिकॉप्टरनं केला. एवढ्या कसलेल्या माणसालाही उतरणच जड गेलं.

सेमिनरी हिल्सचा चढ या कामाला पुरणार नाही, आपलं नागपूर सपाट आहे. दोन महिने आधीपासून दर रविवारी रामटेकला जा. अंबाळा तलावाच्या बाजूनं गडमंदिराच्या पायऱ्या चढा आणि गाडीनं न येता त्याच पायऱ्यांनी उतरा. पहिल्या रविवारी एकदा, महिनाभरानं दोनदा. सोमवारी माईंचा गुडघा सुजला किंवा मांड्या तीन दिवस धरून राहिल्या, तर चौरागडाचा विचार तिथंच थांबवा. दोन काठ्या घ्या आणि त्यांची सवय रामटेकलाच होऊ द्या.

डॉक्टरांना नुसतं "जाऊ का?" विचारू नका. गोळीची पट्टी दाखवा. बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी मुद्दाम मंद राहते, त्यामुळे हातातल्या घड्याळावरचा आकडा पाहून श्रम कळत नाहीत. काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, पाणी लवकर कमी होतं. गोळी मनानं बंद मात्र करायची नाही. या वयात तहानही उशिरा लागते, म्हणून वीस मिनिटांनी दोन घोट, तहान असो-नसो. चालता चालता माई पूर्ण वाक्य बोलू शकल्या तर वेग बरोबर. शब्द तुटायला लागले की थांबा. छातीत जड वाटलं, चक्कर आली, तर वाढदिवस विसरून खाली उतरायचं.

आता तुम्हा दहा जणांसाठी. रांगेत माई दुसऱ्या नंबरवर राहतील. त्यांच्या पुढे ग्रुपमधला सर्वांत सावकाश चालणारा माणूस, सर्वांत मागे औषधांची पिशवी घेतलेला. तरण्यांनी पुढे पळून जायचं, वळणावर बसून गप्पा मारायच्या आणि माई पोचल्या की "चला, निघू या" म्हणत उठायचं, हे मी प्रत्येक सहलीत बघते आणि मला त्याचा मनापासून राग येतो. सर्वांचा आराम होतो, ज्याला गरज आहे त्याचा होत नाही. माई बसल्या की विश्रांती सुरू, आणि त्या उठतील तेव्हाच निघायचं.

उजाडताच चालायला लागा. परत फिरायची वेळ आदल्या रात्रीच ठरवा, समजा अकरा. अकरा वाजता देवळातले त्रिशूळ समोर दिसत असले तरी फिरायचं. परत फिरणं जड जाऊ नये म्हणून संध्याकाळ धूपगडासाठी राखून ठेवा. सातपुड्याचं ते सर्वांत उंच शिखर, चौरागडाहूनही उंच, आणि वरपर्यंत गाडी जाते. म्हणजे सकाळी काहीही होवो, पंचाहत्तरीच्या दिवशी मावळता सूर्य माई सातपुड्याच्या माथ्यावरूनच बघतील.

वाटेत वानरं फार आहेत, हातातली पिशवी ओढतात. केक वर नेऊ नका. आंबिया बहाराची संत्री पाठीवरच्या बॅगेत न्या, सालं परत आणा. संत्रा बर्फी आणि कणकेच्या ७५ दिव्यांचं औक्षण रात्री मुक्कामी. आणि त्या मुलाला पुण्याहून बोलवा. नको म्हणतोय तो काळजीनंच. आईच्या मागच्या पायरीवर त्याला चालू द्या.

प्रश्न : मी येत्या मार्गशीर्षात सत्तरीचा होतोय. जुने मित्र मला कळसूबाईला नेणार आहेत, तिकिटंही काढलीत. मला उंचीची भीती वाटते. त्यांचं मन कसं मोडू?
– एक ज्येष्ठ वाचक, धरमपेठ

उत्तर : काका, आजच फोन करा. कळसूबाई १,६४६ मीटर, महाराष्ट्रात सर्वांत उंच, आणि वाटेत उभ्या लोखंडी शिड्या आहेत. भीती वाटणाऱ्या माणसानं दुसऱ्यांच्या हौसेसाठी त्यांवर पाय ठेवू नये. नुसतं "नको" म्हणू नका, तुम्हाला कुठं जायचंय ते सांगा. चिखलदऱ्याला गाविलगडाच्या दरवाजातून सावकाश आत शिरून दुपारभर तळ्याकाठी बसायचं असेल, तर तेच सांगा. तिकिटं रद्द होतात. आणि माझ्या सरांनी जे मला उतरताना वळणावर सांगितलं, ते तुम्ही तुमच्या मित्रांना घरूनच सांगा.